बोलावल्यावर न येणारी चिंगी, चोक चेन आणि ॲजिलिटी

तुमचा प्रश्न दोनदा नीट वाचला. थोडक्यात असं, की चिंगी ही तुमची दहा महिन्यांची देशी कुत्री, पंधराएक किलोची, पिल्लू असताना पार्किंगमधून तुम्ही घरी आणलीत. घरात सगळं ऐकते, बस म्हटलं की बसते, पंजा देते, पण पुण्यातल्या वेताळ टेकडीवर सोडली की मोरामागे नाहीतर दुसऱ्या कुत्र्यांमागे पळते आणि अर्धा अर्धा तास हाताला लागत नाही. परवा चाळीस मिनिटांनी आली तेव्हा तुम्ही रागाने दोन फटके दिलेत आणि आता ती तुमच्यापासून पाच फुटांवर येऊन थांबते. एका ट्रेनरने सांगितलं की ती स्वतःला अल्फा, म्हणजे कळपाची म्होरकी समजतेय, चोक चेन, म्हणजे ओढली की गळ्याभोवती आवळणारी साखळी घाला. आणि ॲजिलिटीचे, म्हणजे कुत्र्यांच्या अडथळ्यांच्या खेळाचे व्हिडिओ बघून तुम्ही उड्यांचे बार मागवलेत, तर देशी कुत्रीला हे जमेल का आणि लगेच सुरू करू का, असं विचारलंय.

दादा, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ते पाच फूट आहेत. कुत्र्याला चाळीस मिनिटांपूर्वीची चूक आणि आत्ताचा फटका यांची सांगड घालता येत नाही, एखाद-दोन सेकंदांत जे घडतं तेवढंच त्याच्या डोक्यात जोडलं जातं. तुम्ही मारलंत पळाली म्हणून, तिला कळलं की जवळ आलं की मार बसतो. म्हणून ती आता अगदी शहाण्यासारखं वागतेय, तुम्ही दिसाल एवढ्या जवळ येते आणि हात पोचणार नाही एवढ्या लांब थांबते. तिला यायचं आहे, भीती वाटते म्हणून थांबते. हे एकदा नीट लक्षात आलं की पुढचं सगळं काम सोपं होतं. आणि दोन फटक्यांनी कायमचं काही बिघडत नाही, सुधारतं, पण आजपासून तो हात परत उठायला नको.

अल्फाचं एकदा स्पष्ट सांगते कारण अजूनही किती ठिकाणी हेच शिकवतात. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल यांनी प्राणिसंग्रहालयात बंदिस्त ठेवलेल्या लांडग्यांचा अभ्यास छापला, एकमेकांचे नातेवाईक नसलेले लांडगे कोंडून ठेवले तर भांडणारच, त्यातून ही अल्फाची कल्पना पसरली. तीच कल्पना आपल्या पुस्तकातून लोकप्रिय करणारे संशोधक डेव्हिड मीच यांनी नंतर कॅनडाच्या उत्तरेला एल्समियर बेटावर मोकळे लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि १९९९ साली स्वतःच लिहिलं की कळप म्हणजे साधं कुटुंब असतं, आईबाप आणि पोरं, मारामारी करून कोणी राजा होत नाही. आणि कुत्रा तर लांडगाही नाही. मोरामागे पळणाऱ्या चिंगीच्या डोक्यात तुमच्यावर सत्ता गाजवायचा विचार नाहीये, मोर आहे.

चोक चेन मी स्वतः वापरलेली आहे. हे काम करून मला १९ वर्षं झाली, त्यातली पहिली चार वर्षं चेननेच शिकवलं कारण मला ज्यांनी शिकवलं त्यांनी तेच हातात दिलं होतं. एका घरी लॅब्रेडॉर होता, तीन महिन्यांत इतकं सुंदर पायाला लागून चालायला लागला की घरचे खूश होते. एक दिवस त्यांच्या आजी मला म्हणाल्या, तुमच्या गाडीचा आवाज आला ना की हा देवघरामागे जाऊन बसतो, आम्ही ओढून काढतो. आजी तक्रार करत नव्हत्या, सहज सांगत होत्या, पण त्या दिवसानंतर मी चेन हातात घेतली नाही. तो कुत्रा माझ्यामुळे घाबरून जगत होता आणि मी त्याला आज्ञाधारक म्हणत होते, याचं मला आजही वाईट वाटतं. पुढे अभ्यासही वाचनात आले. २०२० साली पोर्तुगालमध्ये ट्रेनिंग स्कूलमधल्या कुत्र्यांवर केलेला, त्यात शिक्षेवर चालणाऱ्या स्कूलमधल्या कुत्र्यांमध्ये ताणाची लक्षणं जास्त दिसली आणि ट्रेनिंगनंतर लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोनही जास्त वाढलेलं होतं. पट्टा गळ्याला ओढला गेला की डोळ्यातला दाब वाढतो, हार्नेसने, म्हणजे छाती-पाठीवरच्या पट्ट्याने वाढत नाही, हेसुद्धा मोजलेलं आहे. अमेरिकेतल्या प्राणी-वर्तन पशुवैद्यांच्या संघटनेने २०२१ मध्ये स्पष्ट भूमिका घेतली की सगळ्या कुत्र्यांना बक्षीस पद्धतीनेच शिकवावं, आक्रमक कुत्र्यांनासुद्धा.

आता काम. टेकडीवर मोकळं सोडणं आजपासून बंद. शिक्षा म्हणून म्हणत नाहीये. प्रत्येक वेळी ती पळते आणि मजा येते तेव्हा पळणंच पक्कं होतंय, तुमची हाक वाया जातेय. शिवाय मोर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, त्याच्यामागे कुत्रं सोडणं कायद्यानेही चालत नाही आणि मोराच्या बाजूनेही बरोबर नाही. त्याऐवजी दहा मीटरची लांब दोरी करून घ्या. बाजारात मिळतात त्या महाग असतात आणि नायलॉनची गोल दोरी तर अजिबात नको, कुत्रं पळालं की तळहात सोलून निघतो. बाजेची नवार मिळते ना, सुती, ती घ्या आणि गाडीचे सीटकव्हर शिवणाऱ्याकडून एका टोकाला चांगला पितळी हूक दुहेरी शिवून घ्या. दोरी नेहमी हार्नेसला, पाठीवरच्या कडीत, गळ्याच्या पट्ट्याला कधीच नाही, कारण पूर्ण वेगात दहा मीटर पळून दोरी संपली तर मानेला जबर हिसका बसतो. आणि टोकाला हाताचा फास करू नका, कित्येकांची बोटं मोडलेली पाहिलीत.

मग शब्द बदला. तुम्ही तिला 'ये' म्हणून बोलावता. आपल्या मराठी घरात 'ये' किती वेळा म्हणतात बघा, ये गं जेवायला, जाऊन ये, इकडे ये जरा, दिवसात पन्नास वेळा तिच्या कानावर पडतं आणि त्याचा तिच्याशी संबंध नसतो. वर त्याच शब्दाला फटके चिकटलेत. 'बस'चंही तेच, बस झालं, बस आली, बस की आता. म्हणून बोलावायला असा शब्द घ्या जो घरात कोणी वापरत नाही, माझ्या एका विद्यार्थिनीने 'टिकटिक' ठेवलाय, कोणी शिट्टी वापरतं. शिट्टी चांगली, कारण तुम्ही चिडलात तरी शिट्टीचा आवाज चिडत नाही. आणि घरातल्या सगळ्यांनी तोच वापरायचा, आई एक शब्द, बाबा दुसरा, धाकटा तिसराच असं नको, फ्रिजवर कागद चिकटवा.

पहिला आठवडा तिच्याकडून काहीच मागायचं नाही. ती घरात शेजारी उभी असताना नवा शब्द एकदाच म्हणायचा, एक सेकंद थांबायचं आणि मग तोंडात खाऊ. दिवसातून दहा-बारा वेळा, वेगवेगळ्या खोल्यांत. ती आली का, वळली का, बघायचंच नाही. पावलोव्हची घंटा म्हणतात ती हीच, शब्द म्हणजे खाऊ येणार एवढंच मेंदूत बसवायचं. यात एक चूक जवळजवळ सगळे करतात आणि त्यावरच सगळं अडतं, ती म्हणजे शब्दाबरोबरच हात कमरेच्या खाऊच्या पाऊचकडे जातो. मग कुत्रं हात बघायला शिकतं, शब्द त्याला ऐकूच येत नाही, आणि मग लोक म्हणतात खाऊ दिसला तरच येतो. आधी शब्द, हात स्थिर, मग हात. आरशासमोर कुत्र्याशिवाय प्रॅक्टिस करा, मी सगळ्यांना करायला लावते.

दुसऱ्या आठवड्यात चार पावलांवरून, मग दुसऱ्या खोलीतून, मग जिन्यात, मग पार्किंगमध्ये दोरी लावून. आली की खाऊ कुठे द्यायचा हे फार महत्त्वाचं, हात लांब करून द्यायचा नाही, तुमच्या गुडघ्याला चिकटून, म्हणजे तिला आतपर्यंत यावंच लागेल. आणि ती खात असताना दुसऱ्या हाताने हार्नेस हळूच धरायचा, सोडायचा, परत खाऊ. हा धरायचा भाग तिच्यासाठी सगळ्यात अवघड असणार, ते पाच फूट इथेच आहेत. सुरुवातीला नुसता हात पुढे केला तरी खाऊ, मग खांद्याला बोट लागलं तरी खाऊ. वाकून अंगावर जाऊ नका, बाजूला वळून उकिडवे बसा. आठवडा लागेल, तीन लागतील, घाई करायची नाही.

आणि आली की सोडा! लोक कुत्र्याला बोलावतात कधी, तर पट्टा लावून घरी न्यायला, आंघोळीला, गोळी द्यायला. कुत्र्याला हिशोब कळतो. दहातल्या नऊ वेळा बोलवा, खाऊ द्या आणि 'जा' म्हणून परत हुंगायला सोडा. डेव्हिड प्रीमॅक नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९५९ मध्ये मांडलं की प्राण्याला जे मनापासून करायला आवडतं तेच कमी आवडत्या कामाचं बक्षीस म्हणून वापरता येतं. आपल्याकडे आजी पोळीभाजी संपवल्याशिवाय श्रीखंडाची वाटी पुढे करत नाही तेच. चिंगीला गवत हुंगायचंय, तर बोलवा, आली, जा हुंग. मग तुम्ही तिची मजा संपवणारे राहत नाही, मजा तुमच्यामार्फत मिळते. देशी कुत्र्यांना हे फार लागू पडतं कारण बाहेर गेल्यावर त्यांचं खाण्याकडे लक्ष लॅबसारखं नसतं, चिकनचा तुकडा तोंडातून टाकून देतील पण हुंगायला मिळालं तर नक्की येतील.

खाऊचं म्हणाल तर घरात रोजचं किबल, म्हणजे कोरड्या खाण्याचे दाणे चालतील, बाहेर उकडलेलं चिकन, चिकनची कलेजी थोडीच, पनीर. तुकडा हरभऱ्याच्या डाळीएवढा, त्याहून मोठा नको, चघळण्यात वेळ जातो आणि वजन वाढतं. दिवसभराच्या एकूण खाण्यातला दहावा हिस्सा, त्याहून जास्त खाऊत जाऊ देऊ नका, जेवण तेवढं कमी करा. सुका बोंबील वासाने अप्रतिम काम करतो पण मीठ असतं, धुऊन, वाळवून, चिमूटभरच आणि खास प्रसंगी. मनुका आणि द्राक्षं, चॉकलेट, कांदा लसूण, आणि झायलिटॉल ही साखरेऐवजी वापरतात ती गोडी असलेलं काहीही, हे विषारी, मुलांनाही सांगून ठेवा.

टेकडीवर नेताना दोरी जमिनीवर लोळत ठेवा, दोरीच्या वजनाचा अंदाज चिंगीला राहू दे. ती काहीतरी बघते, मोर लांब असेल तोवर, तेव्हा शब्द एकदाच. वळली तर उलट दिशेला पळा, हो, तुम्ही पळा, तिच्यामागे धावायचं नाही कधीच, धावलात की तो पकडापकडीचा खेळ होतो आणि तिला चार पाय आहेत. नाही वळली तर शब्द परत परत ओरडायचा नाही, हळूच दोरी गोळा करत जवळ जा, मोरापासून अंतर वाढवा, आणि मनाशी नोंद करा की इतक्या जवळून तिला अजून जमत नाही. माझा साधा हिशोब आहे, दहातल्या आठ वेळा पहिल्या हाकेला आली तर थोडं अवघड करायचं, सहाच्या खाली गेली तर सोपं करायचं. दोनदा लागोपाठ चुकली की तिसऱ्यांदा तेच मागायचं नाही.

दहा महिने हे वयही लक्षात घ्या. इंग्लंडमध्ये गाइड डॉग, म्हणजे अंधांचे वाटाडे होणाऱ्या कुत्र्यांवर २०२० मध्ये एक अभ्यास झाला, त्यात आठ महिन्यांचं कुत्रं आपल्या माणसाचं पाच महिन्यांच्या वयापेक्षा कमी ऐकतं असं दिसलं, परक्या माणसाचं मात्र ऐकत होतं. म्हणजे अगदी घरातल्या टीनेजरसारखं. त्याच वयात लोक कंटाळून चेन आणतात नाहीतर कुत्रं सोडून देतात, याचं फार वाईट वाटतं, कारण अजून काही महिने धीर धरला असता तर तेच कुत्रं माणसाळलं असतं. तिची नसबंदी झाली नसेल तर हीटच्या, म्हणजे माजावर येण्याच्या दिवसांत दोरी अजिबात सोडू नका.

देशी कुत्री शिकत नाहीत असं जे म्हणतात ते चूक आहे. ती फार पटकन शिकतात, नको ते पण पटकन शिकतात, तुमच्या दोन फटक्यांतून चिंगी एका दिवसात शिकली ना. त्यांना एकच गोष्ट वीस वेळा करायचा कंटाळा येतो, म्हणून तीन मिनिटांचे सेशन, दिवसातून चार. ॲजिलिटीला तर शरीर सुंदरच असतं, हलकं, लांब पाय, उन्हाची सवय. मात्र काही कुत्र्यांच्या बाबतीत मी स्वतः हात टेकलेत हेही सांगते. मराठवाड्यातल्या एका कारवानी कुत्र्याबरोबर दीड वर्ष काम केलं, डोळ्यांनी शिकार हेरणारी जात, लांबवर ससा हलला की कान बंद. तो दोरीवर उत्तम जगला, कुंपण असलेल्या मैदानात मोकळा पळाला, पण उघड्या माळावर मी त्याला कधीच सोडायला सांगितलं नाही. चिंगीचं असं होईल असं वाटत नाही, पण झालं तरी त्यात अपयश काही नाही.

आता ॲजिलिटी. मागवलेले बार सध्या पेटीतच राहू द्या. १९७८ साली लंडनच्या क्रफ्ट्स डॉग शोमध्ये मुख्य स्पर्धांच्या मधल्या वेळात लोकांची करमणूक म्हणून घोड्यांच्या शो जंपिंगवरून हा खेळ बसवला, आणि तेव्हापासून त्याचं मर्म तेच आहे, कुत्रं मोकळं असतं. पट्टा हातात नाही, हात लावता येत नाही, रिंगमध्ये खाऊ नेता येत नाही, फक्त तुमचं शरीर आणि आवाज. एका कोर्समध्ये साधारण १५ ते २२ अडथळे, आणि प्रत्येकानंतर ती तुमच्याकडे वळून बघते की पुढे कुठे. म्हणजे एका मिनिटाच्या आत वीस वेळा रिकॉल, बोलावल्यावर येणं. जी कुत्री पाच फुटांवर थांबते तिच्याबरोबर हे होणार नाही, आणि जी चेनच्या भीतीने येते तिच्याबरोबर तर मुळीच नाही, कारण रिंगमध्ये चेन नाही. म्हणून वर जे सगळं लिहिलं ते ॲजिलिटीचंच ट्रेनिंग आहे असं समजा.

उड्या थांबवायचं दुसरं कारण हाडं. लांब हाडांच्या टोकाशी कूर्चेचा पट्टा असतो, तिथून हाड वाढतं, मध्यम कुत्र्यात तो वर्षाच्या आसपास बंद होतो, मोठ्यात दीड वर्षापर्यंत, आणि लवकर नसबंदी झालेल्यांत अजून उशिरा. त्याआधी रोज उंच उड्या मारून उतरताना पुढच्या पायांवर जो धक्का बसतो त्याने तो पट्टा दुखावला तर पाय वाकडा वाढू शकतो. कुत्र्यांची आंतरराष्ट्रीय संघटना एफसीआयच्या नियमांत १८ महिन्यांखालचं कुत्रं स्पर्धेत उतरवताच येत नाही. त्याच नियमांत खांद्यापाशी ४८ सेंमी किंवा जास्त उंचीचं कुत्रं लार्ज गटात, बार ५५ ते ६० सेंमी. चिंगीला मोजा, बहुतेक त्या सीमेवरच असेल. आत्ता तिच्यासाठी बार जमिनीवर, फार तर तिच्या घोट्याएवढा.

पण तोवर करायला भरपूर आहे आणि घरातल्याच वस्तूंनी. जेवायला बसायचा लाकडी पाट घ्या, खाली घसरू नये म्हणून ओलं फडकं. पुढचे दोन पाय पाटावर, मग तुम्ही हळूहळू गोल फिरा आणि तिने मागच्या पायांनी गोल सरकायचं. बहुतेक कुत्र्यांचं मागच्या पायांकडे फारसं लक्षच नसतं, पुढचे जातात तिकडे मागचे येतात एवढंच. ॲजिलिटीत डॉगवॉकवर, म्हणजे उंच अरुंद फळीवर, आणि सीसॉवर याच मागच्या पायांवर सगळं अवलंबून असतं. मग एक फळी दोन विटांवर, चारी पाय फळीवर चालत येऊन शेवटी पुढचे दोन जमिनीवर, मागचे दोन फळीवर, थांब. फळीच्या टोकाच्या रंगवलेल्या भागाला, कॉन्टॅक्ट झोनला, पाय न लावता उडी मारली की फॉल्ट मिळतो, त्याची तयारी ही इथे होते. अंगणात उलटी बादली ठेवून तिला भोवती फिरून यायला शिकवा, डावीकडून आणि उजवीकडून, ही उडीनंतरची वळणं. मुलांचा कापडी बोगदा मिळतो, तो आधी आखूड करून धरा, पलीकडून तुमचं तोंड दिसू दे. वीव्ह पोलची, म्हणजे नागमोडी पळायच्या खांबांची मात्र घाई नको, १२ खांब ६० सेंमी अंतरावर, त्यातून पाठीचा कणा सतत वळतो, म्हणून वर्ष-सव्वा वर्षानंतर, आणि तेव्हाही आधी दोन ओळींच्या मधून सरळ पळायला, मग ओळी हळूहळू जवळ. बुरूड आळीतले बांबू किंवा प्लंबरकडचे पीव्हीसी पाइप चालतात.

तिने बरोबर केलं तो क्षण दाखवायला एक खुणेचा आवाज हवा, क्लिकर, म्हणजे दाबलं की टक् वाजणारी छोटी डबी घ्या किंवा एकच छोटा शब्द, मी 'हां!' वापरते. मागचा पाय सरकला त्याच क्षणी 'हां', खाऊ दोन सेकंदांनी आला तरी चालतो. प्राणी-प्रशिक्षक कॅरन प्रायर हवाईमध्ये डॉल्फिनना शिकवायच्या ते असंच, पोहणाऱ्या प्राण्याला कुठला पट्टा बांधणार, शिट्टी आणि मासा एवढंच.

आणि तुमचं शरीर. तुम्ही तोंडाने डावीकडे म्हणताय आणि पाय उजवीकडे असतील तर ती पायांचं ऐकेल, मग तिला रागावण्यात अर्थ नाही. कोर्स आधी एकट्याने चालून बघायचा, मोबाईलवर शूट करायचं, माझ्या अनुभवात चुकलेल्या बहुतेक फेऱ्यांमध्ये कुत्र्याने माणसाचा खांदा वळला तिकडेच धाव घेतलेली दिसते.

पुण्यात मार्च ते मे सकाळी साडेसहा-सातनंतर काही करू नका. कुत्रं धापा टाकूनच थंड होतं, घाम जवळजवळ नाही. हाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद ठेवून बघा, तुम्हाला सहन होत नसेल तर तिलाही नाही. पावसाळ्यात ओल्या टाइल्सवर वळणं नको. गणपतीत ढोलताशांचे दहा दिवस आणि दिवाळीचे चार दिवस काही नवीन शिकवू नका, बाहेर दुहेरी पट्टा.

पहिल्या आठवड्याचं काम एवढंच, नवार शिवून आणणं, नवा शब्द ठरवणं आणि घरात दिवसाला दहा-बारा वेळा शब्द आणि मग खाऊ. बाहेर फिरायला न्या पण बोलावू नका, दोरी धरून नुसतं तिच्यामागे चाला. कधीतरी, महिन्याने असेल, दोन महिन्यांनी, लांब झुडपात मोर दिसेल, ती ताठ होईल, आणि तुम्ही काही म्हणायच्या आत मान वळवून तुमच्याकडे बघेल. तेव्हा घड्याळ बघू नका, खाली बसा आणि पाऊचमधलं चिकन एकेक तुकडा करत सगळं तिला द्या.